शर्ट, पाऊस आणि बंद पूल : एका विद्यार्थी ॲनिमेशनपटाच्या स्टोरीबोर्डाचं प्रकरण

पहिला ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डाची चित्रं ठरलेल्या वेळेनुसार ओळीने लावलेला कच्चा व्हिडिओ, ४ मिनिटं १० सेकंदांचा झाला. संस्थेची मर्यादा होती ३ मिनिटांची. एकूण १२ आठवड्यांपैकी तीन उलटून गेले होते आणि चौघांच्या गटात हाताने ॲनिमेशन करू शकणारे दोघेच होते. पुण्यातल्या एका ॲनिमेशन पदविकेच्या शेवटच्या सत्रातला हा प्रकल्प, आणि मी त्यांचा मार्गदर्शक. मुलांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत.

गोष्ट अशी. नारायण पेठेत रस्त्याकडेला कोळशाच्या इस्त्रीची गाडी लावणारा एक माणूस. त्याचं एक जुनं गिऱ्हाईक पेठ सोडून नदीपलीकडे डेक्कनला राहायला गेलंय, पण कपडे अजून त्याच्याकडेच येतात. त्या घरातल्या मुलीचा नोकरीचा पहिला दिवस आहे आणि तिचा पांढरा शर्ट याच्याकडे आहे. रात्रभर पाऊस, खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं, सकाळी भिडे पूल पाण्याखाली आणि तोंडाशी पोलिसांचं बॅरिकेड. मग तो लक्ष्मी रस्त्याने अलका चौकात येतो, तिथल्या वाहनांतून वाट काढतो, लकडी पुलावरून वळसा घालून शर्ट पोचवतो. शर्ट भिजलेला असतो. मुलगी तोच ओला शर्ट घालून हसत कामाला निघते.

शेवट मला तेव्हाही पटला नव्हता. पण त्या आठवड्यातली अडचण वेगळी होती.

स्पायरल वहीतला बोर्ड

दिग्दर्शन करणाऱ्या मुलीचा हात फार चांगला आहे. तिने ११८ पॅनेल्स, म्हणजे बोर्डाच्या चित्रचौकटी, एका स्पायरल स्केचबुकात काढली होती, पानावर सहा. प्रत्येकात पेन्सिलीच्या सावल्या, पावसाच्या रेघा, दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचता येतील अशा. जो पाही तो "वा!" म्हणे, आणि घोळ नेमका तिथे होता. एक पॅनेल काढून टाकायचं तर पान फाडावं लागणार, आणि पानाच्या पाठीवर आणखी सहा. म्हणून कुणी काही काढतच नव्हतं. "हा शॉट लांबतोय" असं कुणी म्हटलं की ती कडेला बारीक अक्षरात टीप लिहायची आणि पान उलटायची.

सावल्यांनी भरलेल्या चित्रात आणखीही बरंच लपतं. माणूस फ्रेममध्ये कुठून शिरतो, हलतोय तो की कॅमेरा, हे त्या पॅनेल्समधून कळत नव्हतं, कारण बाण जवळजवळ नव्हतेच. बोर्डावरच्या खुणा ठरलेल्या आहेत. पात्राच्या हालचालीचा बाण चौकटीच्या आत, कॅमेऱ्याच्या हालचालीचा चौकटीबाहेर. पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरणार, असेल तर लांबट चित्र काढून त्यावर सुरुवातीची आणि शेवटची चौकट दोन्ही आखायच्या. हे तिला ठाऊक होतं. पण देखण्या चित्रावर बाण मारायला हात धजत नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिला बोर्ड मार्करने काढायला सांगतो. जाड टोकाच्या मार्करने शर्टाचं बटण काढताच येत नाही, आणि त्या टप्प्यावर ते काढूही नये.

डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुजली तेव्हा सुट्या कागदांवर चित्रं काढून ती फळ्यावर टाचण्यांनी लावायचे. टाचणी उपटली की प्रसंग पुढेमागे सरकतो, नको असेल तर केराच्या टोपलीत जातो. 'बोर्ड' हा शब्द त्या फळ्यावरून आला आणि सोय होती ती टाचणीत. स्पायरल वहीत नेमकी तीच सोय हरवते. पीडीएफ बनवून ग्रुपवर टाकणाऱ्यांचंही तेच होतं, कारण पीडीएफमधलं पान कुणी उठून हलवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणली, एका कार्डावर एकच पॅनेल असं सगळं पुन्हा मार्करने काढलं आणि वर्गात भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलं. शॉटचे क्रमांक १०, २०, ३० असे दहाच्या पटीत दिले, म्हणजे मध्ये एखादा घुसवायचा झाला तर २५ देता येतो आणि पुढचे सगळे बदलावे लागत नाहीत. पूर्ण फिल्म एका नजरेत दिसायला लागली. कुठे सलग नऊ कार्डं एकाच आकाराच्या मध्यम शॉटची आहेत, तेही दिसलं.

प्रत्येक कार्डाची किंमत

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम्स टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, पण स्वतःच्या फिल्मला लावून बघायला सहसा कुणी बसत नाही. ४ मिनिटं १० सेकंद म्हणजे २५० सेकंद. सगळंच हललं तर ३,००० चित्रं, तीही एकाच पात्राची.

मी त्यांना एक चाचणी करायला लावली. इस्त्रीवाला ४ सेकंद चालतो, एवढंच. ४८ चित्रं. रफ (कच्ची चित्रं), इनबिटवीन (मधली चित्रं), क्लीनअप (पक्क्या रेघा), रंग, सगळं करून एका ॲनिमेटरला पूर्ण दोन दिवस लागले. म्हणजे दिवसाला २४ पक्की चित्रं. वेळापत्रकात ॲनिमेशनला सहा आठवडे होते, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३६. दोघांची मिळून १,७२८ चित्रं होतात. मात्र दुपारपर्यंत वर्ग असतात, त्यामुळे हातात येतो तो निम्मा दिवस. उरली ८६४. ८६४ भागिले १२ म्हणजे ७२ सेकंद. या गटाकडे पूर्ण हालचालीचे ७२ सेकंद होते, आणि बोर्डात त्यांनी १३० सेकंद मांडले होते, शिवाय अलका चौकातल्या ३५ सेकंदांत रिक्षा, बस, दुचाक्या अशी एकेक वेगळी हलणारी वस्तू.

आकडा ऐकून जो शांतपणा पसरला त्यातून निघणारा नेहमीचा तोडगा म्हणजे "सगळं थोडं थोडं कमी करू". तो वाईट. त्याने फिल्म सगळीकडून सारखीच अशक्त होते. आम्ही प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेनाने दोन आकडे लिहिले, किती सेकंद आणि किती चित्रं. "६ / ७२" असं एक कार्ड. बॅरिकेडकडे बघत उभा राहिलेला माणूस, फक्त पापणी लवते: "४ / ३". लांब चालण्याचा शॉट ८ सेकंदांचा, सरळ काढला तर ९६ चित्रं. वॉक सायकल केली, म्हणजे दोन पावलांचं एक आवर्तन १२ चित्रांत काढून फिरवत ठेवलं आणि मागची पार्श्वभूमी सरकवली, तर "८ / १२".

लाल आकडे लिहून झाल्यावर मुलं कार्डांकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. कॅमेरा, ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाने विचारलं, "सर, जिथे सगळ्यात जास्त चित्रं आहेत तिथे गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे का?" नव्हती. सगळ्यात महागडा भाग अलका चौकातली वाहतूक होती आणि तिथे गोष्टीत काहीच घडत नव्हतं.

शिपाईमामांची शंका

हा भाग कापायचा की आखडायचा यावर दीड दिवस वाद झाला. दिग्दर्शिकेचं म्हणणं, वळसा नसेल तर त्याचे कष्ट दिसत नाहीत. तिचा मुद्दा खोटा नव्हता. एका दुपारी शिपाईमामा वर्गात पाण्याचा जार ठेवायला आले, दोरीवरची कार्डं ओळीने बघत गेले आणि बॅरिकेडच्या कार्डापाशी थांबून म्हणाले, "पण हा झेड ब्रिजवरनं का नाही जात? चालत तर चाललाय."

चौघंही पुण्यात राहणारी, आणि भिडे पुलाच्या शेजारी उंचावर झेड ब्रिज आहे हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं! भिडे पूल पाण्याखाली गेला तरी झेड ब्रिज वर कोरडा असतो. पुण्यातल्या कुठल्याही प्रेक्षकाने पहिल्या मिनिटाला हेच विचारलं असतं आणि उरलेली फिल्म त्याच प्रश्नात बघितली असती. स्केचबुक बंद कपाटात असतं तर हा प्रश्न थेट ज्युरीत आला असता.

पुढचा तासभर मी गप्प बसलो, कारण मुलं आपापसांतच सुटली होती. झेड ब्रिजवर त्या सकाळी कोण असणार? पाणी बघायला आलेलं अर्धं पुणं. नदीला पाणी आलं की ते बघायला जायचं, हा इथला पावसाळी रिवाज आहे. म्हणजे इस्त्रीवाल्याची अडचण वाहतूक नाही, कठड्याला चिकटून उभी राहिलेली, पाण्याकडे तोंड केलेली, हटायला तयार नसलेली माणसं. त्यांच्या पाठी दिसणार आणि छत्र्या. पाठीला चेहरा नसतो, छत्रीला तर काहीच नसतं. होल्ड केलेली, म्हणजे न हलणारी, चित्रं तीन थरांत ठेवायची, पुढचा थर धूसर, आणि ते थर वेगवेगळ्या गतीने सरकवायचे. गर्दी तयार.

त्यात भर पडली ती वरून घेतलेल्या शॉटची. थेट डोक्यावरून बघितलं तर काळ्या छत्र्यांचा पूर आणि त्यातून एक निळा ठिपका पुढे सरकतोय, इस्त्रीवाल्याने डोक्यावर घेतलेली प्लास्टिकची खोळ. हा शॉट ७ सेकंदांचा आहे, आणि छत्र्या व खोळ धरून त्यात एकूण ९ चित्रं आहेत. अख्ख्या फिल्ममधल्या सगळ्यात स्वस्त शॉट्सपैकी एक आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. वाहतुकीचे ३५ सेकंद आणि लक्ष्मी रस्त्याचे त्याहून थोडे कमी, दोन्ही दोरीवरून उतरले.

याची किंमत एकाने मोजली. पार्श्वभूमी करणाऱ्या मुलाने बोर्ड पक्का व्हायच्या आधीच लकडी पूल, अलका चौक आणि लक्ष्मी रस्ता पूर्ण रंगात रंगवून ठेवले होते. तिन्ही वाया. तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही, आणि त्याचा राग रास्त होता. "बोर्ड तर झालाय" असं त्याला गटानेच सांगितलं होतं. त्यानंतर नियम केला. ॲनिमॅटिक पक्का होईपर्यंत रंगाचं काम फक्त काडेपेटीएवढ्या चौकटींत, एका पट्टीवर. कुठला प्रसंग राखाडी, कुठे कोळशाचा तांबडा, एवढंच त्या पट्टीत ठरतं.

नदी कुठल्या बाजूला वाहते

दिशेचा गोंधळ कार्डं लटकवल्याशिवाय सापडलाच नसता. इस्त्रीवाला घरून निघतो तेव्हा डावीकडून उजवीकडे जातो. जुन्या बोर्डात वळसा सुरू झाल्यापासून तो शेवटपर्यंत उजवीकडून डावीकडे चालत होता. बघणाऱ्याला वाटणार, हा घरी परत निघाला. आता ठरलं असं की बॅरिकेडपाशी तो वळतो तेवढे दोन शॉट उलटे, आणि झेड ब्रिजवर पाय पडला की पुन्हा डावीकडून उजवीकडे.

मग नदीचं काय? मुठा खडकवासल्याकडून येते आणि संगमाकडे जाते. पेठा तिच्या उजव्या तीरावर, डेक्कन डाव्या. पेठेतून डेक्कनला जाणारा माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे दिसत असेल, तर कॅमेरा खडकवासल्याच्या दिशेने बघतोय आणि पाणी आपल्या अंगावर येतंय. बोर्डात ते एका कार्डात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात चक्क पाठमोरं वाहत होतं. एका ॲनिमेटरचं म्हणणं, "हे कोण बघणार?" पुण्यात बघणारा निघतोच, पण ते सोडा. अंगावर येणारं पाणी हे दडपण आहे, लांब जाणारं पाणी म्हणजे सुटका. गोष्टीला पहिलं हवं होतं.

पाणी काढणं सगळ्यात जिकिरीचं. ते जमेल तितकं टाळलं. पूर चढतोय हे नदीकाठच्या पोलिसांच्या भोंग्यावरून कळतं, पुलाच्या जागी फक्त एक गढूळ पट्टा दिसतो. पावसासाठी ७ चित्रांचा एक लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारं आवर्तन, आणि ११ चित्रांचा दुसरा, एकावर एक. ७ आणि ११ यांचा मेळ ७७ चित्रांनंतरच बसतो, म्हणजे साधारण साडेसहा सेकंदांनी. पावसाच्या रेघा दिसणारा सर्वांत लांब शॉट ६ सेकंदांचा ठेवला. अठरा चित्रांत अख्ख्या फिल्मचा पाऊस झाला आणि तो फिरतोय हे कळत नाही. ॲनिमेशन ओपनटून्झमध्ये होतं, २०१६ पासून मोफत आणि खुलं असलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या एक्स-शीटमध्ये, म्हणजे कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र ते मांडणाऱ्या तक्त्यात, असे लूप वेगवेगळ्या रकान्यांत फिरवत ठेवणं सोपं जातं.

पानशेत आणि तांब्या

पुण्यात पुराची गोष्ट निघाली की पानशेत येतंच. १२ जुलै १९६१चं धरणफुटीचं स्मरण आजीच्या तोंडून, २४ सेकंद, पिवळसर रंगात, असा एक प्रसंग बोर्डात होता. कार्डं सुंदर होती. ॲनिमॅटिकमध्ये ती लागली की इस्त्रीवाला आणि त्याचा शर्ट दोघंही विसरायला व्हायचे, आणि परत त्याच्याकडे आलं की त्याची अडचण फारच किरकोळ वाटायची. एका शर्टाच्या गोष्टीला पानशेत झेपत नाही. प्रसंग गेला. शॉट ३० मध्ये गाडीमागच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची एक रेघ आणि तारीख राहिली. ज्याला कळायची त्याला कळते.

शेवट सुटला तो आपसूक. पार्श्वभूमीवाला मुलगा, वाया गेलेल्या तीन चित्रांच्या रागात, डेक्कनच्या घरातलं स्वयंपाकघर चौकोनी ठोकळ्यांत काढत होता. गॅसशेजारी त्याने सवयीने एक तांब्या काढला. ध्वनीवाल्याने तो बघून म्हटलं, "आमची आजी सांगते, त्यांच्याकडे तांब्यात निखारे घालून कपड्यांना इस्त्री करायचे." सगळे एकदम कार्डांकडे वळले. पावसात लाईट गेलेली. घरात विजेची इस्त्री आहे, चालत नाही. इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री पलीकडच्या तीरावर. त्या घरातली आजी तांब्यात उकळतं पाणी ओतते, बुड कोरडं पुसते आणि फडक्यात धरून त्याच्यासमोर ठेवते. तो घडी घातलेल्या चादरीवर शर्ट पसरतो. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या.

हे १४ सेकंद पूर्ण ॲनिमेशनचे आहेत, १६८ चित्रं. इतरत्र वाचवलेलं सगळं इथे ओतलं. खोळीमुळे त्याचा चेहरा फिल्मभर अर्धा झाकलेला राहतो, ओठ हलवायची गरज पडत नाही, आणि अभिनय सगळा हातांवर येतो. त्यासाठी मुलांनी गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची परवानगी घेऊन फोनवर त्याचे हात चित्रित केले. खरा शर्ट व्हायला काही मिनिटं लागतात. कुठल्या चार हालचाली ठेवल्या की सगळं झाल्यासारखं वाटेल, हे ॲनिमॅटिकमध्ये कार्डं मागेपुढे करून ठरलं.

काय झालं, काय राहिलं

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पक्का झालेला ॲनिमॅटिक २ मिनिटं ३४ सेकंदांचा होता. पूर्ण हालचाल ६१ सेकंद, ७३२ चित्रं. ८६४ मधून १३२ हातात राखून. ती राखीव जवळजवळ सगळी हातांच्या शॉट्सनी खाल्ली, कारण बोटं चुकली की शर्ट कापडाचा वाटत नाही. राखीव ठेवली नसती तर शेवटच्या आठवड्यात तांब्याचाच प्रसंग अर्धवट राहिला असता. कम्पोझिटिंगला, म्हणजे सगळे थर एकत्र जोडायला, दोन आठवडे पुरले, ध्वनीला पुरले नाहीत. पोलिसांची घोषणा ही ॲनिमॅटिकसाठी ध्वनीवाल्याने बाथरूममध्ये स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली आहे, तीच शेवटपर्यंत राहिली.

मुलीच्या पात्राला न्याय मिळाला नाही, असं ज्युरीतल्या एका बाईंनी म्हटलं आणि ते बरोबर आहे. शर्ट तिचा, दिवस तिचा, पण तिला फिल्ममध्ये करायला काही नाही. बोर्डावर लाल आकडे लिहिताना तिची कार्डं आधीच स्वस्त होती म्हणून त्यांच्याकडे कुणी परत वळलं नाही. खर्च कार्डावर लिहिण्याच्या पद्धतीत हा धोका आहे. महाग काय आहे ते ती दाखवते, काय गायब आहे ते दाखवत नाही.

सुरुवातीच्या शॉटवरून दिग्दर्शिकेचं आणि माझं अजून जमत नाही. इस्त्रीत कोळसे घालून तो पुठ्ठ्याने वारा घालतो, १२ सेकंद. मला ७ पुरेसे वाटतात, कारण पाचव्या सेकंदाला निखारा फुलला की माहिती संपते. तिचं म्हणणं, शेवटी निखाऱ्याऐवजी उकळतं पाणी येणार असेल तर आधी निखारा पोटभर बघू द्या. फिल्ममध्ये १२ सेकंद आहेत.